मी काही वक्ता नाही

‘मी काही वक्ता नाही,’ असं म्हणत वक्ते माइकची मान स्वतःकडे वळवतात, तेव्हा अनुभवी श्रोते घरी फोन करून कुकर उशिरा लावायला सांगतात.

जो खरोखरच वक्ता नसतो त्याच्या तोंडी हे वाक्य येत नाही. तो खिशातून कागद काढतो, चष्मा शोधतो, कागद उलटा धरल्याचं लक्षात आल्यावर सुलटा करतो आणि पाच मिनिटांत आटपून खाली बसतो. त्याला पडतात त्या टाळ्या बसल्याबद्दलच्या असतात. वक्त्यांचं तसं नाही. एका वाक्यात ते समोरच्यांच्या हातातली शस्त्रं काढून घेतात. हा बिचारा आपल्यासारखाच साधा माणूस आहे, याच्याशी कसला वाद घालायचा, असं वाटायला लागलं की काम झालंच. युक्ती जुनी आहे. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मध्ये सीझरच्या प्रेतापुढे उभा राहून अँटनी हेच सांगतो की, बोलणारा तो ब्रूटस, मी आपला सरळसोट गडी, आणि थोड्याच वेळात रोमचे लोक जाळपोळ करायला पळत सुटतात. आमच्या वक्त्यांच्या भाषणानंतर लोक चहाच्या टेबलाकडे जातात. पण जाण्यापूर्वी त्यांचे हात वर होऊन गेलेले असतात.

‘वक्ते’ हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते एका सरकारी खात्यातून निवृत्त झाले. तिथे काय करत होते ते कोणी विचारत नाही, कारण विचारलं तर ते सांगतील. दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे त्यांना वक्तेच म्हणतात. मोतिया रंगाचा झब्बा, त्यावर जाकीट आणि जाकिटाच्या डाव्या खिशात वर्तमानपत्रांची कात्रणं. ही कात्रणं भाषणात वाचायची नसतात, ती नुसती बाहेर काढायची असतात. ‘माझ्याकडे आकडे आहेत’ म्हणून ते खिशावर हात ठेवतात आणि समोरचा माणूस आकड्यांवर विश्वास ठेवून मोकळा होतो. एकदा त्यातलं एक कात्रण खाली पडलं, ते मी उचलून दिलं. त्यावर मुळ्याच्या थालीपिठाची कृती होती.

लहानपणी शनिवारवाड्यासमोर वडिलांच्या खांद्यावर बसून आचार्य अत्र्यांची सभा ऐकली आणि तिथेच आपल्या अंगात वक्तृत्व शिरलं, असं ते सांगतात. सभेचं वर्ष ते सांगतात त्यावरून हिशेब केला, तर त्या वेळी वक्ते तेरा वर्षांचे असले पाहिजेत. वडिलांच्या खांद्यांची दया येते. मात्र अत्र्यांकडून त्यांनी एक गोष्ट नक्की उचलली. अत्रे एखाद्यावर खूश किंवा नाखूश झाले, की असा माणूस गेल्या दहा हजार वर्षांत झाला नाही म्हणायचे. इतिहासाला दहा हजार वर्षं पुरत नाहीत, पण टाळीला पुरतात. आमच्या इमारतीच्या पंपाबद्दल वक्त्यांनी हेच मोजमाप वापरलं. पंप १९९४ चा आहे.

आता असा माणूस पुण्यात निपजावा यात पुण्याचीही थोडी जबाबदारी आहेच. या शहराने बोलण्याला कधी कमी केलं नाही. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ पासून चालत आलेली वसंत व्याख्यानमाला अजून दर उन्हाळ्यात भरते. ती चालवणाऱ्या संस्थेचं नाव वक्तृत्वोत्तेजक सभा. सदाशिव पेठेत नारद मंदिरात हरिकीर्तनोत्तेजक सभा आहे. पुस्तकांसाठी ग्रंथोत्तेजक संस्था आहे. एवढ्या उत्तेजनानंतर कुणाला तरी आवरणारी एखादी सभा काढावी असं गेल्या दीडशे वर्षांत एकाही पुणेकराला सुचलं नाही.

ऐकणारेही काही मुके नसतात. त्याच १८७५ साली स्वामी दयानंद सरस्वती पुण्यात आले, बुधवार पेठेत भिडे वाड्यात त्यांची व्याख्यानं झाली. सप्टेंबरात रानडे वगैरे मंडळींनी त्यांची मिरवणूक काढली, तर विरोधकांनी गाढव सजवून ‘गर्दभानंदा’ची मिरवणूक काढली. चिखलफेक झाली, तीही शब्दशः. आणि १९०७ च्या डिसेंबरात सुरतेच्या काँग्रेसमध्ये व्यासपीठाकडे जो जोडा भिरकावला गेला आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहतांना लागला, तो जोडा आपल्या मऱ्हाटी घडणीचा होता असं तिथे हजर असलेल्यांनी लिहून ठेवलं आहे. सभागृहाबाहेर चपला काढून यायची पद्धत आहे तिथे भाषण करायला वक्त्यांना विशेष आवडतं, ते यामुळेच असावं.

वक्त्यांचा स्वतःचा लाडका प्रसंग मात्र १९०५ च्या ऑक्टोबरातला, विलायती कपड्यांच्या होळीचा. सावरकर तेव्हा फर्ग्युसनमध्ये शिकत होते. होळीपाशी टिळक बोलले, ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे बोलले. शिवरामपंत म्हणजे वक्रोक्तीचे बादशहा. त्यांचं स्तुतीचं वाक्य ऐकलं की सरकारच्या पोटात गोळा यायचा. पुढे कॉलेजने सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं, तेव्हा प्राचार्य होते रँग्लर परांजपे. म्हणजे भाषण एका परांजप्यांचं आणि दंड दुसऱ्या परांजप्यांचा. एवढी गोष्ट खरोखर घडलेली आहे आणि ती एवढीच सांगितली तरी रंगते. पण वक्ते त्या होळीत आपल्या पणजोबांची टोपी टाकतात. दोन वर्षांपूर्वी ती टोपी होती, गेल्या वर्षी उपरणं आणि टोपी झाली. परवा पंधरा ऑगस्टला पणजोबांनी अख्खा विलायती सूट जाळला. पणजोबा भिक्षुकी करत, हे आम्हाला वक्त्यांच्याच आधीच्या एका भाषणातून माहीत होतं. तरी सूट पेटला तेव्हा टाळ्या पडल्या, आणि त्यातली एक टाळी माझी होती. आवाज असा काही लागला होता की पणजोबांना नागवं जायला लावणं कुणाच्या जिवावर आलं नाही.

तो आवाज कसा लागतो हे मी पुष्कळदा जवळून पाहिलं आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंग असतो आणि उत्तररंग असतो. आधी निरूपण, मग आख्यान. बुवा पूर्वरंगात तत्त्व सांगतात, उत्तररंगात गोष्ट रंगवतात, आणि गोष्टीत रडून झालं की श्रोत्याला ते तत्त्व पटलेलंच असतं. वक्ते याचीच उलटापालट करतात. ते आधी गोष्ट सांगतात आणि तत्त्व सांगायचं सोडूनच देतात. अ‍ॅरिस्टॉटलने मन वळवण्याच्या तीन वाटा सांगितल्या आहेत: बोलणाऱ्याबद्दलचा विश्वास, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद. वक्ते पहिल्या दोन वाटांनी इतक्या वेगाने जातात की तिसरीवर त्यांची पावलं उमटलेली मला तरी दिसली नाहीत.

मग येतो प्रश्न. ‘हे आपण खपवून घ्यायचं?’ प्रश्न विचारला की वक्ते लगेच पेल्याकडे हात नेतात. पाणी पितात सावकाश. एवढ्या वेळात सभेत कुणीतरी ‘नाही!’ म्हणतंच. कारण शांतता हा पुणेकराला न सोसणारा प्रकार आहे, आणि ती आपल्याआधी दुसऱ्याने मोडली तर अजूनच सोसत नाही. एकाने ‘नाही’ म्हटलं की दुसरा जोरात म्हणतो. पेला खाली ठेवेपर्यंत सभेने आपणहून ठराव केलेला असतो, वक्ते फक्त तो ऐकून घेतात. ‘मी म्हणत नाही, तुम्ही म्हणताय,’ असं ते बजावतात, आणि तांत्रिकदृष्ट्या ते खरं असतं.

आणि चिठ्ठी. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत घंटा वाजली की पोरं वाक्य अर्ध्यावर टाकून नमस्कार करतात. मोठ्यांच्या सभेत घंटेऐवजी चिठ्ठी येते. ‘वेळ संपली, कृपया आवरते घ्यावे.’ सामान्य वक्ता ती वाचून कानकोंडा होतो. आमचे वक्ते ती चिठ्ठी मोठ्याने वाचतात. मग घडी घालून खिशात, त्या थालीपिठाशेजारी, ठेवतात आणि म्हणतात, ‘संयोजकांचा हुकूम आहे. मी थांबतो.’ आणि खरंच थांबतात. माइकपासून अर्धं पाऊल मागे सरकतात. ‘नाही, नाही, बोला!’ हा गजर होतो तेव्हा संयोजकाच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. चिठ्ठी पाठवून त्यानेच भाषणाचा दुसरा भाग मंजूर करून घेतलेला असतो.

श्रद्धांजली सभेत वक्त्यांचं रूप वेगळं असतं. तिथे आवाज खर्जात. गेलेल्या माणसाशी त्यांची ओळख नसली तरी चालतं, नसलेलीच बरी पडते, कारण ओळख असली की खऱ्या आठवणी मध्ये येतात. सभेआधी ते मृताच्या मेहुण्याला कोपऱ्यात घेतात आणि दोनच बारीकसारीक गोष्टी विचारतात. थोर गुण विचारत नाहीत. ते सगळ्यांचे सारखेच असतात आणि मेल्यावर वाटून मिळतात. ते विचारतात, स्कूटर कुठे लावायचे? पेन कुठलं वापरायचे? आमच्या शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ गेले तेव्हा बाकीचे वक्ते त्यांच्या निष्ठेवर, सचोटीवर आणि समाजऋणावर बोलले. लोक घड्याळं बघत होते. मग आमचे वक्ते उठले. ‘चिंचेखाली एक जागा आहे,’ ते म्हणाले. ‘रोज संध्याकाळी सहा वाजता तिथे एक निळी स्कूटर येऊन उभी राहायची.’ मग पाणी प्यायले. ‘परवापासून ती जागा मोकळी आहे.’ बायकांच्या रांगेतून हुंदका आला. सचोटीला जे जमलं नव्हतं ते स्कूटरने केलं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच धूसर नजरेला पुढच्या रांगेत दोघेजण एकमेकांकडे बघताना दिसले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला चिंचेखाली दोन गाड्या आडव्या लागल्या होत्या आणि त्यांचे मालक भांडत होते.

पण वक्त्यांची खरी रंगभूमी म्हणजे आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा. कायद्याप्रमाणे ती तीस सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून आम्ही ती सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी घेतो. पार्किंगमध्ये मांडववाल्याच्या खुर्च्या, एक कुरकुरणारा माइक आणि समोर बटाटेवडे. ठरल्या वेळेला गणपूर्ती होत नाही. मग सभा अर्धा तास तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच माणसांत, गणपूर्तीशिवाय कायदेशीर होते. हा अर्धा तास वक्त्यांचा. ते खुर्च्यांमधून फिरतात, कुणाच्या नातवाची चौकशी करतात, कुणाच्या गुडघ्याची. भाषण इथेच अर्धं होऊन जातं, फक्त आम्हाला ते कळत नाही. सेक्रेटरी मी असल्यामुळे मला कळतं, पण मी त्या वेळी वडे मोजत असतो.

एका वर्षी विषय होता लिफ्ट. ती दोन मजल्यांच्या मध्ये थांबून विचार करत असे. नवी बसवायची तर दरमहा ३०० रुपये वर्गणी वाढवायला हवी होती. तिसऱ्या मजल्यावरच्या गणिताच्या निवृत्त बाईंनी सगळा हिशेब फळ्यावर मांडावा तसा मांडला: दुरुस्तीवर आतापर्यंत किती गेले, नवीन केली तर किती, किती महिन्यांत फिटेल. एक चूक नाही. लोक माना डोलवत होते. ठराव मंजूरच होता.

वक्ते तेव्हा तळमजल्यावर राहत होते.

‘मी काही वक्ता नाही,’ ते म्हणाले. पहिली तीन मिनिटं त्यांनी बाईंची स्तुती केली. अशा बाई शाळेत असत्या तर आपलं गणित पक्कं झालं असतं, असं म्हणाले. बाई लाजल्या. लाजलेला माणूस उलट उत्तर देऊ शकत नाही, ही गोष्ट वक्त्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मग आली आजी. ‘माझी आजी. वय वर्षं ऐंशी. पर्वतीच्या १०३ पायऱ्या, अनवाणी, एका दमात! वर जाऊन म्हणायची, देव वर आहे म्हणून माणूस चढतो.’ पेला. पाणी. ‘आपण त्या पिढीची नातवंडं. आणि आपल्याला चार मजल्यांना बटण लागतं?’ पार्किंग हादरलं. चौथ्या मजल्यावरचे हृदयविकाराचे रुग्णसुद्धा ‘नाही!’ म्हणाले. ठराव फेटाळला गेला आणि वडे संपले.

पुढच्या वर्षी लिफ्ट पुन्हा विषयपत्रिकेवर होती. दरम्यान वक्त्यांनी तळमजला एका दातांच्या डॉक्टरला भाड्याने दिला होता आणि ते मुलाच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले होते. मी मुद्दाम त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो. मला वाटलं, निदान या वेळी आजीला तरी घरी ठेवतील.

‘मी काही वक्ता नाही. माझी आजी. वय वर्षं ऐंशी. पर्वतीच्या १०३ पायऱ्या.’ इथे आवाज उतरला. ‘पन्नासाव्या पायरीवर ती बसली. मी लहान होतो. मला म्हणाली, बाळा, तू जा वर, माझा नमस्कार सांग.’ पेला. एवढ्या मोठ्या पार्किंगमध्ये फक्त घोट ऐकू येत होता. ‘ज्यांनी आपल्याला देव दाखवला, त्यांना आपण पन्नासाव्या पायरीवर बसवून ठेवायचं?’ बाईंनी या वेळी हिशेब मांडलाच नाही, त्याची गरजच उरली नव्हती. सभेने ३०० च्या जागी ३५० मंजूर केले.

हे ढोंग आहे असं मला पहिल्यांदा वाटलं होतं. आता वाटत नाही. पन्नासाव्या पायरीवर बसलेल्या आजीबद्दल बोलताना वक्त्यांचा घसा खरोखर दाटला होता. मी शेजारी होतो, मला खऱ्या-खोट्या खाकरण्यातला फरक कळतो. बोलताना ते बोलत असतात ते त्यांना पटलेलंच असतं, फक्त ते आधीपासून पटलेलं असेल असं नाही. प्राचार्य शिवाजीराव भोसल्यांसारखी माणसं हातात कागद न घेता तासभर बोलत आणि ऐकणारा घरी जाताना काहीतरी घेऊन जाई. आमचे वक्ते तसे नाहीत, ते ऐकणाऱ्याकडून एक हात वर करून घेतात आणि त्याला तसाच घरी पाठवतात. पण लोकांची यात फसगत होते, हेही मला मान्य नाही. मी गणिताच्या बाईंना विचारलं, गेल्या वर्षी लिफ्ट नको म्हणणाऱ्यांत तुमचाही हात होता. बाई म्हणाल्या, ‘माझा हिशेब बरोबरच होता हो. पण माणूस एवढं घसा फोडून बोलल्यावर हात वर नाही केला तर वाईट दिसतं.’ आणि पहिल्या वर्षीची आजी जास्त चांगली वठली होती की दुसऱ्या वर्षीची, यावर जिन्यात तिघांचा वाद चालला होता. आजी एकाच वेळी वरही पोचली आणि पन्नासाव्या पायरीवरही बसली, याची खंत कुणाला नव्हती. दुसऱ्या वर्षीच्या आजीला बहुमत मिळालं.

वक्त्यांना जर कुणी हरवत असेल तर ते सभेचं इतिवृत्त. ते मी लिहितो. त्यासाठी एक जाड रजिस्टर आहे आणि त्याची भाषा माझ्याआधीच्या सेक्रेटरींकडून मला वारशाने मिळाली. तिला आजी दिसत नाही, पेला ऐकू येत नाही. त्या चाळीस मिनिटांची नोंद अशी झाली: ‘विषय क्र. ५. लिफ्ट. सभासदांनी आपले विचार मांडले. चर्चेअंती ठराव बहुमताने मंजूर.’

पुढच्या सभेत मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायचं असतं. मी वाचलं. वक्ते उभे राहिले. दुखावले होते, हे दिसत होतं.

‘सेक्रेटरीसाहेब, “सभासदांनी” म्हणजे कोणी? “विचार” म्हणजे कोणते? उद्या आपली नातवंडं हे रजिस्टर उघडतील, तेव्हा त्यांना काय कळेल? मी काही वक्ता नाही, पण—’

पुढची पंचवीस मिनिटं ते लिखित इतिहासाच्या निष्काळजीपणावर बोलले. त्यात पेशवे दफ्तर आलं, रानडे आले, पणजोबांचा सूट आला. दुसऱ्या पेल्याला एक तरुण सभासद उठून ‘लाज वाटली पाहिजे!’ म्हणाला, माझ्याकडे बघून. चिठ्ठी मी पाठवली नाही, मी तेवढा शिकलो आहे. भाषण संपलं, टाळ्या झाल्या, इतिवृत्तात दुरुस्ती करावी असं सभेने एकमताने ठरवलं. माझाही हात वर गेला.

दुसऱ्या दिवशी मी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं: ‘विषय क्र. १. मागील सभेचे इतिवृत्त. दुरुस्तीबाबत चर्चा झाली. इतिवृत्त दुरुस्तीसह कायम.’